बिनपडद्याची खिडकी

आईची शवपेटी पुढच्या खोलीत ठेवली होती आणि बाहेरून काचेला नाक लावून एक माणूस तिचा फोटो काढत होता. मागे पर्यटकांचा घोळका, आणि आमच्याकडे पाठ करून छत्री नाचवणारा गाईड: "ॲमस्टरडॅमची जुनी माणसं खिडकीला पडदाच लावत नाहीत, बघा!" माझं डोकंच सटकलं. पलंगावरची चादर ओढून मी खिडकीकडे धावले, तर योके मावशीनं हात धरला. "खबरदार! आपल्याकडे लपवण्यासारखं काही नाही, असं म्हणत माझ्या बहिणीनं जन्मात पडदा लावला नाही. आज लावतेस?" "मग काय, प्रदर्शन मांडू तिचं?" मावशी काठी टेकत बाहेर गेली आणि काचेला पाठ लावून उभी राहिली. ते बघून समोरचे खेरिटकाका आले, कोपऱ्यावरची टिनेके आली, तेही तसेच उभे राहिले. आणखी कोण येणार? बाकीच्या घरांत दर शनिवारी नवे पर्यटक बॅगा खडखडवत उतरतात. तिघांच्या पाठींनी ती रुंद खिडकी झाकली जाईना. फटींतून मोबाइल आत डोकावतच राहिले. "आजी, जरा सरकता का?" गाईड म्हणाला. "यांना आतलं घर बघायचंय." मावशी जागची हलली नाही. "एवढी कसली घाई रे मेल्या? उद्या हिला नेलं, की घरमालक हेही घर तुम्हा पर्यटकांनाच भाड्यानं देणार आहे. मग या, आणि हिच्याच पलंगावर लोळून बघा."