टोबियास कसा गेला

इंग्लंडात यादवी पेटली होती. ऐन लढाईतून पळालेल्या टोबियास गार्थला त्याच्याच तुकडीच्या, राजाच्या घोडदळातल्या कॅप्टन पेरॉटनं त्यांच्या गावाबाहेरच्या ओढ्यापाशी गाठलं. “घरी जाऊ द्या, साहेब,” टोबियास म्हणाला. पेरॉटनं त्याच्या मानेत गोळी घातली. मागं आणखी तीस स्वार पळायच्या बेतात होते. ते मुकाट्यानं पुन्हा लढाईकडं वळले आणि बहुतेक सगळे कापले गेले.

युद्ध हरून, एक डोळा गमावून पेरॉट गावी परतला, तेव्हा टोबियासची आई मार्जरी त्याच्या दारात येऊन उभी राहिली.

“कसा गेला माझा लेक?”

“लढता लढता, मावशी. सगळ्यांच्या पुढं होता.”

“मग हेच रविवारी चर्चमध्ये सांगा. गाव त्याला पळपुटा म्हणतंय.”

पेरॉटनं भरल्या चर्चमध्ये सांगितलं. बायका रडल्या, पुरुषांनी माना खाली घातल्या. बाहेर आल्यावर मात्र त्याला राहवेना.

“मावशी, खरं सांगायचं तर...”

“नका सांगू,” मार्जरी हळू आवाजात म्हणाली. “त्याला शेवटची अंघोळ मी घातलीय. मानेवरची कातडी पिस्तुलाच्या भडक्यानं करपली होती. इतक्या जवळ त्यानं शत्रूला येऊ दिलं नसतं. पण घरात अजून दोन पोरी लग्नाच्या आहेत, कॅप्टनसाहेब.”