एका बाईचा गॅस

ज्यांनी हा नियम केला, त्यांनी एकट्या माणसाच्या चुलीवर पाणी ओतलं.

चंद्रपूरच्या उन्हात बंद टाकीतला मैला झपाट्यानं कुजतो, आणि नियम असा, की ज्या घरातून जेवढा मैला टाकीत जाईल तेवढाच गॅस त्या घराच्या शेगडीला परत येतो. भागरथाबाईंचा नवरा वारला आणि ज्योत अर्ध्यावर आली. आजही भाताला कढ आला न आला तोच शेगडी विझली.

त्यांनी समोरच्या रत्नमालेला हाक मारली. "चहाला नको येऊ, पण संडासाला तरी माझ्याकडे येत जा गं."

रत्नमाला खळखळून हसली. "सासूबाई मारतील, मावशी! पोरांनासुद्धा शाळेत संडासाला जाऊ देत नाहीत. दाबून धरा, घरी या, म्हणतात." हसत हसतच तिनं दार लावून घेतलं. आता कुणी कुणाकडे फार वेळ बसतच नाही. पोटात कळ आली की जो तो आपल्या घरी पळतो.

भागरथाबाई पातेलं घेऊन तडक वॉर्ड ऑफिसात गेल्या.

"नियम सगळ्यांना सारखाच आहे, बाई," साहेब म्हणाले. "आणि एकट्याला लागतो तरी किती गॅस?"

"मूठभर तांदूळ शिजायलाही जाळ लागतोच, साहेब." त्यांनी पातेलं टेबलावर ठेवून झाकण काढलं. पाण्याखाली कच्चे तांदूळ तसेच बसले होते. साहेबांनी फाईल उघडली. भागरथाबाईंनी ती हातानं मिटली.

"खाली बघू नका, माझ्याकडे बघून सांगा. एका बाईचा भात शिजायला घरात किती माणसं लागतात?"