त्रेचाळीस नंबरचा शिक्का

"हा शिक्का तुमचाच ना, तायडेबाई?" चौकशीला आलेल्या साहेबांनी फोटो पुढे सरकवला. मातीत रुतलेल्या, न फुटलेल्या तोफगोळ्यावर त्रेचाळीस आकडा स्पष्ट दिसत होता. दारूगोळ्याच्या कारखान्यात गोळ्याचा स्फोट घडवणारा फ्यूज तपासून हा शिक्का मारता मारता बाईंची सव्वीस वर्षं गेली होती. त्यांचा एकही नग आजवर वाया गेला नव्हता.

"माझाच आहे. चूक झाली असेल."

"झाली, की केली?" साहेबांची नजर त्यांच्या बोटांवर होती. "हा गोळा ज्या सीमेवर डागला, तुमचा मुलगा तिथेच तोफेवर आहे. आपले गोळे फुटले नाहीत तर आपलीच पोरं मरतात, हे तुम्हाला सांगायला हवं का?"

"नको. म्हणूनच प्रत्येक नग दोनदा बघते."

बोलता बोलता बाईंनी फोटो उजेडात धरला. त्याची एक कड कात्रीने वाकडीतिकडी कापलेली होती. तरी कोपऱ्यात चांदीचा वाळा घातलेलं एक इवलंसं पाऊल राहून गेलं होतं.

"गोळा कुठे पडला होता, साहेब?"

"त्याचा या चौकशीशी संबंध नाही."

"हे पोर कुणाच्या अंगणात उभं आहे?"

साहेबांनी फोटो काढून घेतला आणि फाइलमध्ये ठेवला. "नेम चुकला होता. पोरगी ठीक आहे. तुम्ही जबाबावर सही करा."

चूक आपलीच असल्याच्या जबाबावर बाईंनी न वाचता सही केली. दारापर्यंत जाऊन त्या मागे वळल्या.

"त्या दिवशी तोफेवर कोण होतं, तेवढं मला कधी सांगू नका."