तुलनेचा गुडघा

गुडघा दुखावल्यानं म्हसवडची उत्कर्षा धावण्याच्या राज्य स्पर्धेतून बाहेर पडली आणि तिच्या जागी धाकटी बहीण हरणा निवडली गेली. सांगलीला एमआरआय काढताना डॉक्टरांनी, रेडिओलहरींनी ढवळलेलं कूर्चेतलं, म्हणजे हाडांमधल्या मऊ गादीतलं, पाणी किती मिलिसेकंदांत निवतं, ते मोजलं. झिजलेल्या कूर्चेला जास्त वेळ लागतो. तुलनेसाठी निरोगी गुडघा हवा म्हणून त्यांनी सोबत आलेल्या हरणालाच यंत्रात झोपवलं. ‘निरोगी’ हा शब्द उत्कर्षाला झोंबला. पडद्यावरचे आकडे तपासून डॉक्टर तिला म्हणाले, “हिचा तर तुझ्याहून खराब आहे. धावणं थांबवायला हवं.” उत्कर्षाला आधी बरं वाटलं, मग त्या बरं वाटण्याचीच लाज वाटली. हरणा बाहेर येऊन बूट घालायला लागली, तेव्हा उत्कर्षानंच तिला डॉक्टरांचं म्हणणं सांगून टाकलं. हरणानं बुटाची नाडी आवळली. “आक्का, तू माज्यावर जळतीस.” “व्हय, जळती,” उत्कर्षा म्हणाली. “तरी बी पळू नगंस.”