दारापर्यंतचा गालिचा

आमची वेदिका जन्मापासून लुळी. कधी उभी राहिली नाही, या हॉलभरच्या गालिच्यावरच लोळत वाढली आणि गेल्या महिन्यात गेली.

"वास येतोय गं," सुहास म्हणाला. "खायचा सोडा भुरभुरतो, मग व्हॅक्यूम करतो."

वास म्हणे! बापाला लेकीचा वास खुपतो. ती गेली तेव्हा मी दिव्याखाली पीठ पसरणार होते. पावलं उमटली की जीव कुठे गेला ते कळतं. तर हाच खेकसला, "बेंगळुरूत राहतेस, स्वल्प अक्कल वापर."

त्याने दारापर्यंत सोडा पसरला. आम्ही सोफ्यावर पाय वर घेऊन चहा प्यायलो.

मशीन लावायला वाकला आणि तसाच थांबला. सोड्यात इवली पावलं उमटली होती, गालिच्याच्या मधून दाराकडे गेलेली.

मला रडू फुटलं. "चालली रे माझी पोर! सुटली!"

"दाराशी बघ," तो म्हणाला.

तिथे टाचा नव्हत्या, नुसती बोटं होती. कडी उंचावर होती. आमच्या डोळ्यांदेखत ती बोटं सोड्यात पुन्हा रुतली. मग पुन्हा.

"कडी काढ," सुहास कुजबुजला.

मी उठले नाही.