लाल शाईतलं कार्ड

तारापूरच्या किनाऱ्यावर राहणाऱ्या आईनं प्रौढ वर्गात बाराखडी गिरवली आणि लेकीला आयुष्यातलं पहिलं कार्ड लिहिलं. ‘मी बरी हाय. बोंबील चांगलं सुकलं. मांजरीला तीन पिल्लं झाली. तुजी लय आठवन येते.’

नलू तेव्हा नाशिकला होस्टेलवर राहून मास्तरीण व्हायला शिकत होती. तिनं हौसेनं लाल शाईनं एकूण एक चूक सुधारली आणि कार्ड पाकिटात घालून आईला परत धाडलं.

पुढच्या महिन्यात आईचं कार्ड आलं. मी बरी आहे, बोंबील चांगले सुकले, मांजरीला तीन पिल्ले झाली, तुझी खूप आठवण येते. त्याच्या पुढच्या महिन्यातही तेच. भर आषाढातसुद्धा बोंबील सुकले आणि मांजर पुन्हा व्याली. मैत्रिणी हसल्या. नलू मात्र खूश होती. चूक सापडली नाही, की मास्तरणीला बाकीचं काही दिसत नाही.

श्रावणात तार आली. नलू घरी पोचली तोवर सगळं आटोपलं होतं.

शेजारची काशीबाई म्हणाली, “चार महिने ताप व्हता तिला.”

“मग मला कळवलं का नाही?”

“रोज बसायची गं बाय लिवायला. लिवायची न् फाडायची. लेक परत लाल करून धाडंल, बोलायची.” काशीबाईनं आईच्या उशाखालचं ते लाल शाईतलं कार्ड काढून नलूच्या हातात ठेवलं. “मंग यातलं बघून लिवायची. येवडंच बिनचूक हाय, बोलायची.”