राणीला गोडं पाणी

फरीदानं तांब्या डोक्याच्याही वर नेला आणि पाणी सोडलं. थेट राणीच्या तोंडावर. विहिरीचं पाणी, गोडं. पेटीभर बुडबुडे उठले आणि राणीनं अंग आखडून घेतलं.

"मर," फरीदा म्हणाली. मग वाकून बघितलं, पाणी काचेवरच्या रेघेला लागलं का. बरोब्बर लागलं होतं.

राणी म्हणजे समुद्रफूल. ओहोटीला खडकाच्या खळग्यात दिसतं ते. मुठीएवढं, लालभडक, वर पाकळ्यांसारखे शंभर हात. बोट लावलं की मिटतं. नवरा, अयूब, दहा महिने बोटीवर काढून एका महिन्यासाठी राजिवड्यात घरी आला. येताना मुंबईहून गोणपाटात गुंडाळून काय आणलं, तर ही काचेची पेटी. मुंबईत कुठेतरी तिकीट काढून काचेतले मासे बघितले होते म्हणे. मग मिऱ्यावरच्या दोस्ताबरोबर, लवूबरोबर, खडकांत गेला आणि दगडाच्या टवक्यांसकट दोन फुलं काढली. एक लवूनं नेलं, बरणीत ठेवायला. दुसरं पडवीत येऊन बसलं.

तो अख्खा महिना फरीदानं अयूबची पाठ बघितली. सकाळी उठला की पेटीसमोर उकिडवा. काडीला कोळंबीचा तुकडा लावून भरवायचा आणि विचारायचा, "राणी, खाल्लंस का गो?"

चुलीपुढे फरीदाला ते ऐकू यायचं. लग्नाला सहा वर्षं झाली होती. तिला त्यानं असं कधी विचारलं नव्हतं.

शेजारची आसिया दगडी गडग्यापलीकडून हसायची. "नशीबवान हायस गो. सवत आणली ती पण मुकी."

"बोलकी असती तर झिंज्या तरी उपटल्या असत्या," फरीदा म्हणाली.

शिमगा उरकला आणि अयूबला बोटीवरून बोलावणं आलं. दोन महिन्यांची फेरी. जाताना त्यानं काचेवर तांबड्या रंगाची रेघ मारली. "उन्हानं पाणी उतरतं. उतरेल तेवढं रोज भरायचं, ह्या रेघेपर्यंत. खारंच पाणी आण, बंदरावरचं. लवूलाही तेच सांगितलंय. आणि कोळंबी रोज घाल." उंबऱ्यावर थांबून म्हणाला, "तिला जप हां."

तिला. फरीदाला काही म्हणाला नाही.

गोड्या पाण्यात दर्याचं जनावर जगत नाही, हे राजिवड्यातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. एक बादली ओतली असती तर खेळ तिथंच संपला असता. पण आसियाची नजर होती, आणि आसियाची जीभ बंदरापर्यंत पोचायची. म्हणून फरीदानं बेत केला. रोज एकच तांब्या. रेघेपर्यंत, जास्त नाही. हळूहळू मरेल, कुणाला कळणार नाही. कोळंबी तिनं स्वतःच्या कालवणात घातली. आठवड्यातून एकदा, आसिया बघत असली की, एक तुकडा पेटीत टाकायची.

ऊन वाढलं. मागच्या परड्यात मीठ लावलेले बांगडे एका दिवसात कडक व्हायला लागले. काचेच्या काठावर पांढरा खार धरायचा, तो फरीदा चिडून पदरानं पुसायची. पेटीतलं पाणी रोज बोटभर उतरायचं आणि ती रोज तांब्याभर पाणी वरून आपटायची.

राणी मरेना.

उलट फुगली. वैशाखात बशीएवढी झाली आणि दिवसभर फुललेली राहायला लागली, एखाद्या नव्या नवरीसारखी. आणि एका सकाळी फरीदाला तिच्या पायाशी एक इवलासा लाल ठिपका दिसला. बारीक बारीक हात होते त्याला. पोर.

सहा वर्षं फरीदाची कूस रिकामी होती.

त्या दिवशी तिनं पाणी ओतलं नाही, फेकलं.

चारच दिवसांनी अयूब आला. ट्रंक बंदरावर टाकून धावत आला होता. पडवीत आला आणि पेटीसमोर उभाच राहिला. फरीदाच्या हातात तांब्या होता, लपवायला वेळ मिळाला नाही.

"लवू बंदरावर भेटला," तो धापा टाकत म्हणाला. "त्याचं फूल मेलं. बिचारा रोज मिऱ्यावरून खारं पाणी आणून भरत होता, मी सांगितलं तसं. रोज खाऊ घालत होता. शेवटी पाणी जिभेला लावून बघितलं, तर नुसतं मीठ."

फरीदानं काचेवरच्या तांबड्या रेघेकडे बघितलं.

"चूक माझीच. बोटीवर इंजिनातल्या मिस्त्रीला सांगितलं तर हसला. म्हणाला, बॉयलरात खारं पाणी घाल, बघ मीठ कसं धरतं ते. पाणी उडतं, मीठ नाय उडत. जेवढं उडेल तेवढं गोडंच घालायचं. तेही उंचावरून, म्हणजे हवा मिसळते. मला वाटलं, आपलीपण गेली." त्यानं पेटीतलं पोर बघितलं. मग तिच्या हातातला तांब्या बघितला. "तुला कुणी सांगितलं गो?"

काहीही सांगता आलं असतं. फरीदाला खोटं सुचलंही होतं.

"कुणी नाय," ती म्हणाली. "मी मारत होते तिला."

"रोज?"

"रोज. तुमी गेल्यापासून."

"का?"

"तिला तुमी रोज विचारत होता, खाल्लंस का म्हणून."

गडग्यापलीकडे आसियाचा पाटा-वरवंटा थांबला होता. मग अयूबनं तांब्या तिच्या हातातून घेतला, विहिरीवर गेला, भरून आणला आणि परत तिच्या हातात दिला. पेटीकडे पाठ करून तो तिच्यासमोर उकिडवा बसला.

"लवूनं जपलं ते मेलं," तो म्हणाला. "तू आपली मारत राहा."